होतंच ते

(हिंडलगा इथल्या वार्षिक स्मृती-व्याख्यानाचा हा छापील पाठ. बोलण्याच्या ओघात आलेली विषयांतरं तशीच ठेवली आहेत.)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी कळवलं, 'गरोदरपणातली नेहमीची दुखणी'. दोन दिवसांनी फोन आला. बोलणारे गृहस्थ फार सज्जन. म्हणाले, "मॅडम, विषय चांगलाच आहे, पण व्याख्यानाला पुरुषमंडळीही येतात." मी म्हटलं, म्हणून तर हा विषय. आज पुढच्या तीन रांगा पुरुषांनी भरल्यात, म्हणजे निरोप नीट पोचलेला दिसतोय.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो त्यांना या गावात कुणी नावानं हाक मारली नाही. त्या 'बाई' होत्या, प्राथमिक शाळेतल्या बाई. शाळा सुटल्यावर घरी जाताना वाटेत कुणाची सून, कुणाची लेक पोटुशी असली की बाई त्या दारात थांबायच्या. 'बरी आहेस ना?' असं त्या कधी विचारत नसत. त्याला सून 'हो' म्हणते आणि बोलणं तिथंच संपतं. बाई विचारायच्या, "काल रात्री किती वेळा उठलीस गं?" मग पोरगी बोलायला लागायची. लघवीला चारदा उठले, मग जळजळ सुरू झाली, मग पोटरीत गोळा आला. डॉक्टरकीच्या सगळ्या वर्षांत इतका नेमका प्रश्न मला कुणी शिकवला नव्हता. दवाखाना थाटल्यावर तो मी बाईंकडून उचलला आणि शेवटपर्यंत वापरला.

हिंडलगा म्हटलं की परगावच्या माणसाला तुरुंग आठवतो, बेळगावच्या माणसाला गणपतीचं देऊळ आणि सीमाभागातल्या मराठी माणसाला १९८६ चा जून. दर १ जूनला आपण इथल्या हुतात्मा स्मारकापाशी उभे राहतो. भाषेपायी माणसं गेलेल्या गावात मी बोलते आहे याचं भान ठेवूनच एक विचारते. पाटीवर कोणती अक्षरं असावीत यावर आपण सत्तर वर्षं होत आली, बोलतो आहोत. आपल्याच घरातली बाई आपलं दुखणं कोणत्या शब्दांत सांगते, ते कुणी कान देऊन ऐकलंय?

तिनं काही सांगितलं की आपल्याकडे एकच उत्तर तयार असतं. 'होतंच ते.' उलट्या? होतंच ते. कंबर? होतंच ते. सासू म्हणते, जाऊ म्हणते, आणि खरं सांगायचं तर ओपीडीत साठ बायका ताटकळत असल्या की आम्ही डॉक्टरही म्हणतो. मीही म्हटलेलं आहे. वाक्य खोटं नाही, ही त्यातली खरी अडचण. होतंच. पण होतं म्हणून त्यावर इलाज नसतो, हे कुणी ठरवलं?

एक प्रसंग सांगते. पावसाळ्याचे दिवस. वेंगुर्ला रस्त्याकडच्या एका खेड्यातून टेम्पोत घालून एका बाईला आणलं. आठवा महिना, वाटेत झटका येऊन गेलेला, तोंड सुजलेलं. बाई वाचली, मूल वाचलं नाही. चार दिवसांनी ती बोलायला लागली तेव्हा मी जरा रागानंच विचारलं, "डोकं एवढं दुखत होतं, डोळ्यांपुढं अंधारी येत होती, तर घरात सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "मळमळ सांगितलो, होतंच म्हणाली. पाय सुजल्याले सांगितलो, होतंच म्हणाली. मग डोस्क्याचं कशाला सांगू?" (आमच्याकडे बायका 'मी सांगितलो, मी जातो' असंच बोलतात. पुण्याची माणसं ऐकून दचकतात. दचकू देत.)

आज मला जे सांगायचं आहे ते तिच्या या उत्तरात आहे. बारीकसारीक दुखणी ऐकून घेणं हे लाड नाहीत. जिला टाचेची कळ सांगता येते तीच डोळ्यांपुढची अंधारी वेळेवर सांगते. तेव्हा आता आपण बारीकसारीक दुखण्यांकडेच जाऊ.

सुरुवात ओकारीपासून, कारण बाईच्या आयुष्यात तीच आधी येते. पाळी चुकून दोन आठवडे होतात न होतात तोच मळमळ सुरू होते. साधारण सहाव्या आठवड्यात. नवव्याच्या आसपास जोर धरते आणि चौदा-सोळा आठवड्यांपर्यंत बहुतेकींची थांबते. काहींची मात्र बाळंतपणापर्यंत पिच्छा सोडत नाही. दहांतल्या सात-आठ जणींना थोडीफार होतेच. सकाळीच होते असंही नाही. फोडणीचा वास, नवऱ्याच्या अंगाचा वास, पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांचा वास, कशानंही ढवळतं.

हे का होतं याचं बरंचसं उत्तर अलीकडे मिळालं. २०२३ च्या डिसेंबरात 'नेचर' या नियतकालिकात एक संशोधन आलं. गर्भाकडून आणि वारेकडून आईच्या रक्तात जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक येतं आणि ते मेंदूच्या ओकारी घडवणाऱ्या भागावर काम करतं. गरोदर होण्याआधी ज्या बाईच्या रक्तात ते कमी असतं, तिला ते एकदम वाढल्यावर जास्त बाधतं. म्हणजे एकीला कडक उलट्या आणि तिच्या जावेला काहीच नाही, याचं कारण रक्तात आहे. नखऱ्यात नाही. 'आम्ही पाच काढली, आम्हाला नाही झालं असलं काही' असं म्हणणाऱ्या सासूबाई खरंच बोलत असतात. त्यांच्या रक्ताची गोष्ट वेगळी होती, एवढंच.

आता करायचं काय? उशाशी डब्यात चिरमुरे किंवा भाजलेल्या लाह्या ठेवा. डोळे उघडले की उठण्याआधी मूठभर चावून खायचे, मग दहा मिनिटांनी पाय खाली. पोट रिकामं राहिलं की मळमळ वाढते, तुडुंब भरलं तरी वाढते. म्हणून दर दोन तासांनी थोडं थोडं. जेवताना घटाघटा पाणी नको, मधल्या वेळात घोट घोट. आल्याचा तुकडा चघळला तर बऱ्याच जणींना उतार पडतो, आणि याला अभ्यासांचा आधारही आहे. चार दिवस तिला चुलीपुढून उठवा. फोडणी दुसऱ्या कुणी घातली तर घर बुडत नाही.

गोळी घ्यावी की नको, यावर मात्र घरोघरी भीती आहे आणि ती उगाच आलेली नाही. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाची झोपेची गोळी बाजारात आली. गरोदर बायकांच्या मळमळीवर ती सर्रास दिली गेली. हातपाय खुंटलेली हजारो मुलं जन्मली, दहा हजारांवर, आणि १९६१ च्या अखेरीस ती गोळी मागं घेतली. त्या धसक्यानं पुढं चांगल्या गोळीवरही संक्रांत आली. डॉक्सिलामिन आणि बी-६ जीवनसत्त्व यांची जोडगोळी अमेरिकेतल्या कंपनीनं कोर्टकज्ज्यांना कंटाळून १९८३ मध्ये बंद केली. दोष सिद्ध झालेला नव्हता. तीस वर्षांनी, २०१३ मध्ये, तीच गोळी तिथं परत आली. आपल्याकडे ती मिळते आणि डॉक्टरांनी लिहून दिली तर घ्यायला हरकत नाही. मनानं मेडिकलमधून आणायची मात्र नाही.

आणि एक खूण लक्षात ठेवा. पाण्याचा घोटसुद्धा टिकत नाही, लघवी दिवसातून एक-दोनदाच आणि गडद होते, पन्नास किलोची बाई अडीच किलोनं उतरते, तेव्हा ती साधी मळमळ राहिलेली नसते. तिला सलाईन लागतं. इथं चिरमुरे उपयोगाचे नाहीत.

आता जळजळ. या शब्दाची आपल्या भागात एक गंमत आहे. मराठीत आपण म्हणतो, उरात जळतंय. कन्नडमध्ये छातीला 'एदे' आणि जळजळीला 'उरी'. मी नवी होते तेव्हा एक कन्नड बाई म्हणाली, "एदे उरी." मला वाटलं ही छाती-छाती असं दोनदा का म्हणतेय! तिचं 'उरी' म्हणजे जळणं आणि माझं 'उरी' म्हणजे छातीत. दोघी जणी एकाच जागी बोट ठेवून एकमेकींकडे बघत बसलो.

गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि अंगातले स्नायू सैल सोडतं. अन्ननलिका आणि जठर यांच्या मधला दाराचा स्नायूही सैल पडतो, आंबट पाणी वर चढतं. शेवटच्या तीन महिन्यांत खालून पिशवीचा दाब येतो तो वेगळाच. रात्रीचं जेवण आणि अंथरूण यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवलं, ठेचा थोडे दिवस दूर ठेवला, डाव्या कुशीवर झोपलं, तर फरक पडतो. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन विटा सरकवा. हे काम पुढच्या तीन रांगांचं. चिमूटभर खाण्याचा सोडा पाण्यात टाकून पिण्याची घरगुती युक्ती मात्र नको. त्यातून मिठातलंच सोडियम पोटात जातं.

'बाळाला जावळ दाट असलं की आईला जळजळ होते' हे आजीचं म्हणणं मी वर्षानुवर्षं हसण्यावारी नेलं. २००६ मध्ये अमेरिकेत ६४ बायकांवर कुणीतरी हे खरोखर तपासून पाहिलं, खोटं ठरेल अशा खात्रीनं. निघालं उलटंच. ज्यांना जळजळ जास्त त्यांच्या बाळांचे केस दाट! ६४ म्हणजे फार नव्हेत, पण तेव्हापासून मी आज्यांपुढं जपून बोलते.

याच प्रोजेस्टेरॉननं आतडीही मंदावतात. त्यात लोहाची गोळी. त्यात पाणी कमी. पाणी कमी का? कारण कांदा मार्केटात पहाटेपासून भाजी घेऊन बसणारी, किंवा दिवसभर शेतात असलेली बाई जाणूनबुजून पाणी पीत नाही. जायचं कुठं? म्हणजे तिच्या बद्धकोष्ठाचा, मूळव्याधीचा, लघवीच्या जळजळीचा उगम पोटात नसतो, बाजाराच्या नकाशात असतो. लघवीला वारंवार लागणं हे गरोदरपणात ठीक, पण जळजळ, दुर्गंधी, थंडीताप असला तर तपासून घ्यायचं, कारण त्या जंतुसंसर्गानं दिवस भरण्याआधी कळा सुरू होऊ शकतात. पोट साफ होण्यासाठी पालेभाजी, जोंधळ्याची भाकरी, उकडलेली रताळी (आपल्या पश्चिम भागात त्यांना काय तोटा?), भरपूर पाणी, आणि लागलंच तर इसबगोल. एरंडेल नको.

इथं मला थांबून मिश्रीबद्दल बोलायचं आहे. हा विषय कुठल्याही छापील पुस्तिकेत 'व्यसन' या मथळ्याखाली असतो. आपल्याकडच्या बायका ते व्यसन म्हणून लावत नाहीत, इलाज म्हणून लावतात. "डॉक्टरीनबाई, मिश्री लावल्याबिगर पोट साफ होत नाही." "तोंडाला सारखं पाणी सुटतं, मिश्री लावली की थांबतं." तव्यावर तंबाखू जाळून केलेली ही काळी पूड. तंबाखू कुठली, तर आपल्या निपाणीची. तंबाखूतलं निकोटिन आतड्यांना चाळवतं, त्यामुळं तिचं म्हणणं खरंच असतं. पोट साफ होतं. पण तेच निकोटिन हिरडीतून रक्तात आणि रक्तातून वारेपलीकडे जातं. २००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मुंबईतल्या १,२१७ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मिश्रीसारखी, तोंडात वापरायची तंबाखू घेणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं आणि ती सरासरी सहा दिवस आधी जन्मली. १०५ ग्रॅम म्हणजे कुंद्याचा एक लहान पुडा. अडीच किलोच्या काठावरच्या बाळाला एवढा फरक जड जातो.

नुसतं 'मिश्री सोडा' म्हणून ती सुटत नाही, हे मी माझ्या अपयशांवरून सांगते. आधी पोट साफ होण्याची दुसरी सोय लावून द्यावी लागते. सकाळी उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, रात्री इसबगोल, आणि शौचाला निवांत दहा मिनिटं. सासूचा दरवाजावर थापा मारण्याचा कार्यक्रम बंद. मग मिश्रीचं बोट आपोआप सैल होतं, सगळ्यांचं नाही, पण बऱ्याच जणींचं.

निपाणीच्या वखारीतल्या आणि घरी विड्या वळणाऱ्या बायकांचं दुखणं तर आणखी निराळं. तंबाखू चाळताना उडणारी धूळ नाकातोंडात, आणि विडीचं सूप मांडीवर घेऊन तासन्‌तास एकाच बैठकीत. पाठ, कंबर, पायाच्या शिरा. १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी निपाणीला महामार्ग अडवला, ते आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच काळात तिथल्या वखारीतल्या बायकाही संघटित होऊन उभ्या राहिल्या होत्या. दीपा धनराज आणि त्यांच्या 'युगांतर' गटानं १९८२ साली त्यांच्यावर माहितीपट केला. ते किती जणांना ठाऊक आहे? हात वर करा. ... बघा.

कंबरेकडे येते. पोट पुढं येतं तसा अंगाचा तोल पुढं जातो, बाई कंबर मागं खेचून उभी राहते, आणि कण्याच्या खालच्या भागावर ताण येतो. ओटीपोटाच्या हाडांचे सांधेही सैल झालेले असतात. त्यात जुलै महिना आणि रोप लावणी. गुडघाभर चिखलात कमरेतून वाकून दिवसभर. ही कामं करू नका असं सांगायला मी आले नाही. सांगितलं तरी कोण ऐकणार, पाऊस कुणासाठी थांबत नाही. पण तासातासानं बांधावर येऊन पाठ ताठ करणं, पाण्याची बिंदगी उचलताना कंबरेतून न वाकता गुडघे दुमडून बसून उचलणं, एका कडेवर भार घेण्याऐवजी दोन हातांत थोडं थोडं पाणी आणणं, एवढं जमतं. रात्री कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी किंवा वाकळेची घडी ठेवा. पहिल्याच रात्री फरक कळतो. अठ्ठावीस आठवड्यांनंतर तसंही कुशीवरच झोपावं. उताणं झोपल्यावर पिशवीचा भार मोठ्या शिरेवर पडतो. मध्यरात्री जाग आली आणि आपण उताण्या आहोत असं दिसलं तर घाबरायचं नाही, कूस बदलायची.

अंगदुखीची म्हणून किराणा दुकानातसुद्धा मिळणारी गोळी मात्र घेऊ नका. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या जातीची वेदनाशामकं गरोदरपणात, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर, बाळाच्या मूत्रपिंडाला आणि हृदयाजवळच्या रक्तवाहिनीला बाधू शकतात. अगदीच गरज पडली तर पॅरासिटॅमॉल, तेही विचारून.

पोटरीत गोळा आला तर पाय सरळ करून चवडा आपल्याकडे खेचायचा. पोट मोठं झाल्यावर बाईचा हात तिथवर पोचत नाही. शेजारी झोपलेल्या माणसाचा पोचतो. पोटरीतल्या गोळ्यासाठी कॅल्शियमची गोळी वाढवून मागणाऱ्या पुष्कळ येतात. पोटरीवर तिचा खात्रीचा उपयोग दिसलेला नाही. ती दिली जाते मुख्यतः रक्तदाब चढू नये म्हणून, आणि तिचं महत्त्व तेवढ्यासाठीच मोठं आहे. २०२४ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बेंगळुरूतल्या अकरा हजार आणि टांझानियातल्या अकरा हजार बायकांमध्ये, रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम हे १,५०० इतकंच कामाला येतं असं दिसलं. तेव्हा गोळी चुकवू नका, आणि वाढवूही नका.

पायाची सूज संध्याकाळी येते, रात्री पाय उशीवर ठेवून झोपलं की सकाळी उतरते. ती 'होतंच'मधली. सकाळी उठल्यावर बांगड्या घट्ट होतात, डोळ्यांखाली फुगतं, तोंड जड दिसतं, ती 'होतंच'मधली नाही. रक्तदाब १४०/९० च्या वर गेलेला असू शकतो. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढं चमकणं किंवा अंधारी, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, यांतलं काही असेल तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा. त्या टेम्पोतल्या बाईला यातलं सगळं होतं. तसंच खाजेचं. ताणलेल्या पोटाची खाज खोबरेल तेलानं भागते. पण पुरळ नसताना रात्री तळहात-तळपायाला खाज सुटत असेल तर यकृताची तपासणी हवी, बाळासाठी. अंगावरून लाल किंवा पाणी गेलं, बाळ रोजच्यापेक्षा कमी फिरायला लागलं, तर कुणाला न विचारता निघायचं.

दम लागणं. जिना चढताना थोडी धाप लागते ती याच दिवसांची. पण बसल्या बसल्या दम लागतो, छाती धडधडते, जीभ पांढरी दिसते, तेव्हा रक्त कमी असतं. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली आलं की तो पंडुरोग. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या गरोदर बायकांपैकी ५२.२ टक्के त्यात मोडल्या. निम्म्याहून जास्त! म्हणून तर थकव्याला 'होतंच' म्हणायची सवय लागली. निम्म्या गावाला जे आहे ते दुखणं वाटतच नाही.

या थकव्यानं वैद्यकशास्त्राला एक मोठी गोष्ट दिली, आणि ती मुंबईत. ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विशिष्ट पंडुरोग होत होता, त्यात बायका दगावत होत्या. हाफकिन संस्थेत राहून विल्सबाईंनी शोध घेतला. जंतू सापडेना. मग त्या बायकांच्या जेवणाकडे वळल्या. कोण काय खातं, किती खातं. शेवटी यीस्टपासून केलेल्या मार्माइट नावाच्या स्वस्त इंग्रजी चटणीनं रोग हटतो असं त्यांना दिसलं. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्या चटणीत काय होतं ते पुढं, १९४१ च्या सुमारास, पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं आणि पान या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक आम्ल हे नाव पडलं. आज पृथ्वीवरची प्रत्येक गरोदर बाई जी फोलिकची गोळी घेते तिची पाळंमुळं परळ-लालबागच्या चाळींत आहेत. मुलुखातून, कोकणातून आणि घाटावरून, पोटासाठी मुंबईला गेलेल्या बायकांच्या थकव्यात. तो थकवा कुणीतरी मोजण्याच्या लायकीचा मानला, म्हणून.

आपली तांबडी गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि फोलिक असलेली, चौथ्या महिन्यापासून १८० दिवस. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. चहाबरोबर नको, कॅल्शियमबरोबर नको. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर चालेल. शौचाला काळं होतं, घाबरू नका. यात टाळाटाळ का नको ते सांगताना आपल्याच जिल्ह्यातला एक अभ्यास आठवतो. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या मंडळींनी खेड्यांतल्या १,६२० बाळंतिणींचा अभ्यास केला, २००६ मध्ये तो 'लॅन्सेट'मध्ये आला. बाळंतपणानंतर नर्सबाईंनी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या तेव्हा जास्त रक्तस्राव होणाऱ्या बायकांचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं. गोळ्या खेड्यातल्या साध्या नर्सबाईंनी दिल्या, मोठ्या डॉक्टरांनी नाही! पण ज्या बाईच्या अंगात मुळात रक्तच नाही तिला थोडा स्रावही पेलत नाही, म्हणून तांबड्या गोळीची वेळ त्याच्या सहा महिने आधीची.

रक्त कमी असलं की माती खावीशी वाटते. चुलीची माती, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ. बायका चोरून खातात आणि लाजतात. लाजायचं कारण नाही, राण्यांनीही खाल्ली आहे. कालिदासाच्या 'रघुवंशा'त तिसऱ्या सर्गात गरोदर सुदक्षिणेच्या तोंडाला मातीचा वास येतो आणि दिलीप राजाला तो आवडतो. मी दिलीप असते तर वास घेत बसले नसते, हिमोग्लोबिन तपासलं असतं. मातीतून जंत येतात, त्यानं रक्त आणखी उतरतं.

अशा खाव्याशा वाटण्यालाच आपण डोहाळे म्हणतो. शब्द आला दोहदावरून. जुने वैद्य सांगत की चौथ्या महिन्यापासून बाई दोन हृदयांची होते, तिचं मागणं हे आतल्याचंही मागणं असतं, ते डावलू नये. कन्नडमध्ये बसुरीची, म्हणजे गरोदर बाईची, 'बयके'. म्हणजे तिचं ऐकायचं, हा दोन्ही भाषांचा जुना रिवाज. मराठी घरात डोहाळजेवण, शेजारच्या कन्नड घरात कुबस, दोन्हीकडे हिरवी साडी, फुलांची वाडी, ओटी. त्या दुपारी सगळं गाव तिला विचारतं, काय खावंसं वाटतं? संध्याकाळी पाहुणे गेले की भांडी घासायला तीच. मला त्या सोहळ्याचं वाकडं नाही, मीही झोपाळ्यावर बसले आहे. फक्त त्या दुपारचा प्रश्न उरलेल्या दोनशे सत्तर दिवसांतही अधूनमधून विचारा. बाईंच्या पद्धतीनं. 'काल किती वेळा उठलीस?'

शेवटचं, आणि अगदी आपल्या भागातलं. सरकारी दवाखान्यात नाव घातलं की तायी कार्ड मिळतं, कन्नडमध्ये छापलेलं. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, पुढची तारीख, सगळं त्यात असतं. आपल्या कितीतरी सुना चंदगडकडून, कोल्हापूरकडून आलेल्या. त्यांना कन्नड अक्षर लागत नाही. ते कार्ड देव्हाऱ्यात हळदीकुंकू लागून पडलेलं मी पाहिलंय. आमच्या कितीतरी कन्नड नर्सबाई मोडक्यातोडक्या मराठीत सगळं समजावतात, त्यांचं ऋण मोठं आहे. पण घरी आल्यावर रात्री पाय सुजले तर कार्डातला मागचा आकडा कोण वाचून दाखवणार? दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रावर डॉक्टर गरोदर बायकांना फुकट तपासतात, तीही तारीख पुष्कळ जणींना माहीत नसते.

म्हणून आज संयोजकांना सांगून मी एक सोय करून घेतली आहे. माझी मैत्रीण, तीस वर्षं नर्स म्हणून काम केलेली, धारवाडकडची, तिथं कोपऱ्यात टेबल मांडून बसली आहे. मला कन्नड बोलता येतं, वाचताना मी अजून अडखळते, म्हणून ती. ज्यांनी कार्ड आणलं असेल त्यांनी चहा पिऊन तिकडं जावं. ती वाचेल, मी मराठीत लिहून देईन. ज्यांनी आणलं नाही त्यांची घरं जवळच आहेत. पुढच्या तीन रांगांतल्या मंडळींनी पटकन जाऊन घेऊन यावं, आम्ही आठ वाजेपर्यंत इथंच आहोत.